बैल जाण्यापूर्वीचा झोपा

इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीचे वर्णन या स्मरणिकेच्या वाचकांसाठी करण्याची आवश्यकता नाही. सन २०२० मध्ये रंगपंचमी १४ मार्च रोजी होती आणि त्या वर्षी गेर निघाली नाही. त्या दिवशी शहरात कोविडचा एकही सिद्ध झालेला रुग्ण नव्हता. पहिल्या रुग्णांची नोंद होण्यास आणखी दहा दिवस अवकाश होता. ‘एकही रुग्ण नसताना एवढा बाऊ कशासाठी?’ असा प्रश्न माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेक पालकांनी त्या आठवड्यात विचारला, आणि खरे सांगायचे तर त्याचे नेमके उत्तर त्या वेळी माझ्यापाशीही तयार नव्हते. पुढे आठच दिवसांनी, २२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या सायंकाळी, दिवसभर शिस्तीने घरात बसलेली मंडळी थाळ्या, शंख आणि झेंडे घेऊन राजवाड्यावर जमली. जी मिरवणूक आपण १४ तारखेला टाळली, ती जणू २२ तारखेला काढली. एप्रिलमध्ये इंदूर देशातील सर्वाधिक बाधित शहरांत गणले जाऊ लागले, आणि कोविडने दगावलेल्या देशातील अगदी पहिल्या डॉक्टरांमध्ये आपल्याच शहरातील एका व्यवसायबंधूंचा समावेश आहे. हे सारे त्या एका सायंकाळमुळे घडले असे म्हणण्यास काहीही पुरावा नाही आणि तसे सुचविण्याचा माझा हेतूही नाही. परंतु साथीच्या काळात ‘काय बंद करावे’ यापेक्षा ‘केव्हा बंद करावे आणि केव्हा उघडावे’ हा प्रश्न किती अवघड आहे, याचा विचार मी त्या दिवसांपासून करू लागलो. प्रस्तुत लेख त्या विचारातून लिहिला आहे.

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण आपण सहज वापरतो. मात्र तिच्यातील खरी अडचण आपल्या लक्षात येत नाही. झोपा करायचा तो बैल गोठ्यात सुखरूप उभा असताना. आणि तेव्हा घरातले कोणीतरी हमखास विचारणार की, बैल तर जागेवरच आहे, मग बांबू आणि मजुरी कशाला वाया घालवता? शिवाय झोपा केला आणि बैल राहिला, तर तो झोप्यामुळे राहिला हे सिद्ध कसे करणार?

साथीचे गणित बेरजेचे नसून गुणाकाराचे असते, हे आपण सर्वजण महाविद्यालयात शिकलो आहोत. पण शिकणे वेगळे आणि अंगवळणी पडणे वेगळे. एखाद्या शहरात आज १० रुग्ण आहेत आणि त्यांची संख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होते असे समजू. तिसऱ्या दिवशी २०, सहाव्या दिवशी ४०, नवव्या दिवशी ८०, बाराव्या दिवशी १६०, पंधराव्या दिवशी ३२०. शाळा, नाटकगृहे, बाजार बंद केल्याने होणारे नुकसान पहिल्या दिवशी जेवढे तेवढेच पंधराव्या दिवशीही असते. परंतु पहिल्या दिवशी तेच उपाय १० रुग्णांच्या साथीवर पडतात, तर पंधराव्या दिवशी ३२० रुग्णांच्या. खर्च तोच, काम बत्तीसपट.

यात आणखी एक गोम आहे. आज आपल्याला ठाऊक असलेली रुग्णसंख्या आजची नसते. लागण होणे, अधिशयन काळ उलटणे, लक्षणे दिसणे, दोन दिवस घरगुती काढ्यात घालवून रुग्णाने दवाखान्यात येणे, तपासणी होणे आणि तिची नोंद वर पोहोचणे या साऱ्यांत आठ-दहा दिवस सहज जातात. म्हणजे कागदावर १० रुग्ण दिसतात तेव्हा प्रत्यक्षात ते शंभराच्या घरात असू शकतात. निर्बंधांचा परिणामही तितक्याच उशिरा दिसतो. कालव्याचे दार बंद केल्यावरही पाटात असलेले पाणी काही काळ शेतात येतच राहते. तसे निर्बंध लागू झाल्यावरही आठ-दहा दिवस रुग्ण वाढत राहतात, आणि मृत्यू तर त्याहूनही अधिक काळ. नेमक्या याच दिवसांत ‘बंद करून काय मिळवले?’ अशी ओरड सुरू होते. ज्या अधिकाऱ्याला हे गणित ठाऊक नसते, तो या दिवसांत डगमगतो.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतील अमेरिकन शहरांचा. देश एक, रोग एक, आणि वैद्यकीय साधने सर्वत्र सारखीच तोकडी. लस नव्हती, प्रतिजैविके नव्हती. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडण्यास १९३३ साल उजाडावे लागले. हाती होते ते फक्त शाळा, चर्च, नाटकगृहे बंद करणे, सभा-समारंभांना मनाई करणे, रुग्णांना वेगळे ठेवणे आणि तोंडाला फडके बांधणे. हे उपाय केव्हा योजायचे, हे प्रत्येक शहराचा आरोग्याधिकारी आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवीत होता. निसर्गाने जणू एक प्रयोगच मांडला.

फिलाडेल्फियाची कथा प्रसिद्ध आहे. बॉस्टनहून आलेल्या खलाशांबरोबर रोग तेथील नौदलाच्या गोदीत शिरला आणि नागरी वस्तीतील पहिल्या रुग्णांची नोंद १७ सप्टेंबर १९१८ रोजी झाली. पहिले महायुद्ध अखेरच्या टप्प्यात होते. सरकारी युद्धकर्जाचे रोखे खपविण्यासाठी २८ सप्टेंबरला भव्य मिरवणूक ठरली होती. ती रद्द करावी असे काही डॉक्टरांचे म्हणणे होते. शहराचे आरोग्यप्रमुख विल्मर क्रुसेन हे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. साथीचे अज्ञान हे काही त्यांच्या निर्णयाचे कारण म्हणता येणार नाही. देशभक्तीचा प्रसंग, प्रत्येक शहराने गाठायचा कर्जरोख्यांचा कोटा आणि ‘लोकांत घबराट नको’ हा सर्वकालीन युक्तिवाद यांपुढे ते नमले. सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर आले. तीन दिवसांत रुग्णालयांतील खाटा भरल्या. ३ ऑक्टोबरला शाळा, चर्च, नाटकगृहे बंद करण्यात आली. पहिल्या रुग्णापासून मोजल्यास सोळाव्या दिवशी. पुढील काही आठवड्यांत त्या शहरात बारा हजारांच्या आसपास माणसे मेली. शवपेट्या मिळेनात, कबरी खणण्यास माणसे मिळेनात. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हातात फावडी घेतली.

सेंट लुइस शहरात नागरी वस्तीतील पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरला नोंदले गेले आणि ७ ऑक्टोबरला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी म्हणावे इतक्या लवकर, तेथील आरोग्य आयुक्त डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ यांनी महापौरांच्या पाठिंब्याने शाळा, नाटकगृहे, नृत्यगृहे, सभा, सार्वजनिक अंत्ययात्रा या सर्वांवर बंदी घातली. व्यापारी चिडले, चर्चचे धर्मगुरू नाराज झाले. स्टार्कलॉफ यांची दूरदृष्टी मान्य करूनही एक गोष्ट नोंदली पाहिजे. रोग पूर्व किनाऱ्यावरून आत सरकत होता आणि बॉस्टनची वर्तमानपत्रे तीन आठवडे त्यांच्यापुढे होती. दुसऱ्याच्या घरची आग पाहून आपल्या विहिरीवर रहाट बसविण्याची संधी त्यांना भूगोलाने दिली. ती संधी अनेक शहरांना मिळाली होती, घेतली थोड्यांनी.

आता आकडे पाहू. न्यूमोनिया व इन्फ्लुएन्झाने झालेले जादा मृत्यू दर लाख लोकसंख्येमागे मोजले, तर फिलाडेल्फियात साथीच्या शिखराच्या आठवड्यात ते २५७ होते. सेंट लुइसमध्ये निर्बंध लागू असतानाचे शिखर ३१. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंतची बेरीज अनुक्रमे ७१९ आणि ३४७. दोन शहरांच्या निर्णयांत, आपापल्या पहिल्या रुग्णापासून मोजल्यास, चौदा दिवसांचे अंतर होते. इन्फ्लुएन्झाच्या हिशेबात चौदा दिवस म्हणजे तीन ते पाच दुप्पटी. वर दिलेले १० आणि ३२० चे उदाहरण आठवावे.

हे विश्लेषण हॅचेट, मेचर आणि लिप्सिच यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मार्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ शहरांचा, तर बूट्स्मा व फर्ग्युसन यांनी १६ शहरांचा अभ्यास मांडला. तिन्हींचा रोख एकच होता : लवकर, एकाहून अधिक उपाय एकत्र आणि पुरेसा काळ. मार्केल यांच्या यादीत न्यूयॉर्कचे उदाहरण बालरोगतज्ज्ञांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे शाळा बंद केल्याच नाहीत. रुग्णांची सक्तीची नोंद व विलगीकरण फार लवकर सुरू केले, कचेऱ्यांच्या व दुकानांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवल्या, आणि शाळेत येणाऱ्या मुलांवर नजर ठेवली. पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या शहरांत न्यूयॉर्कचा मृत्युदर त्या साथीत सर्वांत कमी राहिला. म्हणजे ‘लवकर’ या शब्दाचा अर्थ ‘सर्व काही बंद’ असा नेहमीच करावा लागत नाही.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? मुंबईत रोग जूनमध्ये गोदीच्या वाटेने आला, ओसरला आणि सप्टेंबरमध्ये भयंकर रूप धारण करून परतला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सेंट लुइसमध्ये बंदीचा हुकूम निघाला त्याच्या आदल्या दिवशी. त्या वर्षी पावसाने दगा दिलेला, अन्नधान्य महागलेले, माणसे आधीच खंगलेली. देशभरात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक लोक दगावले असे अंदाज आहेत. अमेरिकन शहरांतील अभ्यास आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही तो यामुळे. पोटात अन्न नसलेल्या माणसाला चौदा दिवसांची बंदी आणि चौदा दिवसांचा ताप यांत निवड करण्याची मुभा नसते.

वेळेच्या प्रश्नाचे एक टोकाचे उदाहरण प्रशांत महासागरातील सामोआ बेटांचे आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये न्यूझीलंडहून निघालेले ‘टालून’ हे जहाज पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात लागले. जहाजावर रुग्ण होते, तरी उतारूंना उतरू दिले. त्या बेटांवरील सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. शेजारच्याच अमेरिकन सामोआत राज्यपाल पोयर यांनी येणाऱ्या बोटींवर कडक विलग्नवास लादला. तेथे या साथीत एकही मृत्यू झाला नाही.

बंद करण्याच्या वेळेइतकीच उघडण्याची वेळ महत्त्वाची, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सेंट लुइसमध्ये नोव्हेंबरच्या मध्यास निर्बंध उठविले. पंधरवड्यात रुग्ण पुन्हा वाढले आणि निर्बंध पुन्हा आणावे लागले. डेन्व्हर शहराने ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या दिवशी, बंदी उठविली. लोक आनंदाने रस्त्यावर आले. तेथील दुसरे शिखर पहिल्याहून उंच निघाले. सॅन फ्रान्सिस्कोत २१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता भोंगा वाजला आणि लोकांनी तोंडावरील मुखपट्ट्या काढून फेकल्या. जानेवारीत साथ परतली, मुखपट्टीचा हुकूम पुन्हा निघाला आणि त्याच्याविरुद्ध चक्क एक संघटना उभी राहिली.

असे का होते, हे समजण्यासाठी थोडे गणित पुन्हा करावे लागेल. एका रुग्णापासून सरासरी दोघांना लागण होत असेल, तर लोकसंख्येतील निम्मे लोक रोगमुक्त होऊन प्रतिकारक्षम झाले की साथ उतरणीला लागायला हवी. परंतु मोकाट सुटलेली साथ निम्म्यावर थांबत नाही. शिखराच्या वेळी एवढे रुग्ण एकाच वेळी संसर्ग पसरवीत असतात की, उतारावर लागलेल्या बैलगाडीसारखी ती आपल्याच वेगाने पुढे जाते आणि सुमारे ८० टक्के लोकांना गाठते. निर्बंधांनी तो वेग कमी केला, तर वरचे हे ३० टक्के लोक रोगाच्या तावडीतून पूर्णपणे वाचू शकतात, लस नसतानाही. याउलट निर्बंध फार कडक ठेवून साथ जवळजवळ दाबली आणि मग एकाएकी सर्व उघडले, तर ज्यांना रोग झालाच नाही असे बहुसंख्य लोक तसेच शिल्लक असतात आणि साथ नव्याने पेट घेते. सेंट लुइसची पहिली फेरी यशस्वी झाली म्हणूनच दुसरी फेरी आली. फिलाडेल्फियात दुसऱ्या फेरीसाठी फारसे कोणी उरलेच नव्हते. तरीही अखेरच्या बेरजेत सेंट लुइसचेच मृत्यू निम्मे राहिले, हे विसरता कामा नये.

येथे दोन सावधगिरीचे शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण वाचकांत संख्याशास्त्राची जाण असलेले अनेक जण आहेत. हे सर्व अभ्यास मागे वळून केलेली निरीक्षणे आहेत. चिठ्ठ्या टाकून शहरे निवडलेली नव्हती. साथ उशिरा पोहोचलेल्या शहरांना पूर्वसूचना मिळाली होती. काही शहरांत त्या वर्षीच्या वसंतातील सौम्य लाटेने काहींना प्रतिकारशक्ती दिली असणेही शक्य आहे. तेव्हा ३१ आणि २५७ मधील सारा फरक स्टार्कलॉफ यांच्या खात्यावर जमा करणे बरोबर होणार नाही. तरीही इतक्या शहरांतून तीच दिशा दिसते आणि तिच्यामागे समजण्याजोगे गणित आहे. माझ्या मते एवढे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट रोगाच्या स्वभावाची. इंदूरकरांना ठाऊक असलेली एक हकीकत येथे आठवते. १९१७-१८ च्या सुमारास पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होळकर दरबारासाठी शहराची पाहणी करीत होते. शहरात प्लेगची दहशत होती आणि नकाशे घेऊन गल्ल्यांत हिंडणाऱ्या या साहेबाकडे लोक संशयाने पाहत होते. त्यांनी दरबाराच्या संमतीने दिवाळीची मिरवणूक काढली. जे रस्ते, जी घरे उत्तम साफ होतील त्या बाजूने मिरवणूक जाईल असे जाहीर केले, आणि मिरवणुकीत घाणीचा राक्षस व प्लेगचा भलामोठा उंदीर मिरविला. लोकांनी घरे धुतली, रंगवली, गाडाभर केर बाहेर काढला. अवघ्या वर्षभराच्या अंतराने दोन मिरवणुका : फिलाडेल्फियाच्या मिरवणुकीने रोग वाढविला, इंदूरच्या मिरवणुकीने रोगाचे घर मोडण्यास मदत केली. ग्रंथींचा प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे होतो. माणसांच्या गर्दीशी त्याचा संबंध थोडा. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या अमलाखाली घरोघर माणसांची झडती घेतली गेली, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली, आणि उंदीर व पिसवा मात्र जागेवर राहिल्या. त्या जुलमाने आणखी एक अनर्थ केला. लोक रुग्ण लपवू लागले. रुग्ण लपला की साथीचे घड्याळ चालूच राहते, फक्त ते आपल्याला दिसेनासे होते.

याच कारणाने २००३ ची सार्सची साथ आणि २०२० ची कोविडची साथ यांत मोठे अंतर पडले. सार्समध्ये रुग्ण बराच आजारी पडल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात, सर्वाधिक संसर्गकारक होत असे. रुग्ण ओळखून वेगळा ठेवण्यास वेळ मिळे. सुमारे ८,१०० रुग्ण आणि ७७४ मृत्यूंनंतर ती साथ जुलै २००३ मध्ये संपुष्टात आली. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच संसर्ग देऊ लागतो. अशा रोगात ‘रुग्ण सापडल्यावर पाहू’ हे धोरण जन्मतःच उशिराचे ठरते. ब्रिटनमध्ये २३ मार्च २०२० रोजी टाळेबंदी झाली. ती आठवडाभर आधी केली असती तर पहिल्या लाटेत केवळ इंग्लंडमधील सुमारे २३,००० मृत्यू टळले असते, असा अंदाज तेथील सरकारी चौकशीच्या नोव्हेंबर २०२५ मधील अहवालात नमूद आहे. प्रतिमान शेवटी प्रतिमानच असते. परंतु एका आठवड्याची किंमत किती असू शकते, याची कल्पना त्यावरून यावी.

आपल्या देशाची टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली तेव्हा देशात सहाशेच्या आसपास रुग्ण नोंदलेले होते. साथीच्या घड्याळाप्रमाणे हा निर्णय उशिराचा म्हणता येत नाही. तो घेताना लोकांना चार तास मिळाले, हा त्यातील दोष. ज्यांचे पोट हातावर होते अशा लाखो मजुरांना शहरांत रोखून धरले गेले आणि श्रमिक गाड्या सुरू झाल्या १ मे रोजी, मुंबईसारख्या शहरांत संसर्ग कितीतरी पटींनी वाढल्यावर. मे महिन्यात आग्रा-मुंबई मार्गावरील आपल्या बायपासवरून जाणारे पायी, सायकलींवर, ट्रकांच्या टपांवर बसलेले लोक आपण सर्वांनी पाहिले. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना अन्न, पाणी, चपला दिल्या. मार्चच्या अखेरीस त्यांना घरी पोहोचविले असते, तर त्यांतील फारच थोड्यांबरोबर विषाणू गावी गेला असता. म्हणजे बंदीची वेळ साधली, पण माणसांना घरी पाठविण्याची वेळ चुकली.

२०२१ मध्ये उलटे घडले. फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले आणि २२ फेब्रुवारीपासून तेथे टाळेबंदी करावी लागली. बॉस्टनची वर्तमानपत्रे जशी सेंट लुइसच्या हाती होती, तशी अमरावतीची वृत्ते आपल्या सर्वांच्या हाती होती. लसीकरण १६ जानेवारीला सुरू झाले होते, म्हणजे विकत घेतलेल्या वेळेचे चीज होण्याची आशाही प्रथमच निर्माण झाली होती. तरी मार्चभर लग्ने, सभा, मेळे चालू राहिले. एप्रिलमधील प्राणवायूच्या रांगांबद्दल मी लिहिणार नाही.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक बाजू मात्र लिहिलीच पाहिजे. इन्फ्लुएन्झात मुले ही संसर्गाचा मुख्य वाहक असतात. म्हणून त्या साथीत शाळा लवकर व थोड्या काळासाठी बंद ठेवण्यास आधार आहे. कोविडमध्ये मुलांचे ते स्थान नव्हते. मार्च २०२० मध्ये, फारशी माहिती नसताना, शाळा बंद करणे योग्यच होते. परंतु प्राथमिक वर्ग सुमारे दीड वर्ष बंद राहिले, बाजार आणि लग्नाची कार्यालये त्याच्या कितीतरी आधी उघडली, आणि या क्रमाचा जाब कोणी विचारला नाही, कारण सहा वर्षांच्या मुलाला मत नसते. तिसरीतल्या मुलांना पहिलीची अक्षरे न येणे, वाढलेली वजने, भेदरलेली मुले हे सर्व आपण दवाखान्यात पाहिले. नियमित लसीकरण चुकले ते वेगळेच. २०२२ च्या अखेरीस मुंबईत झालेल्या गोवराच्या उद्रेकात त्या चुकलेल्या मात्रांचा वाटा होता. निर्बंध हे औषध आहे असे मानले, तर त्याला मात्रा आहे, मुदत आहे आणि दुष्परिणामही आहेत. लवकर दिलेली छोटी मात्रा आणि उशिरा दिलेली मोठी मात्रा यांतील निवड आपण नकळत करत असतो.

ही निवड सरकार करते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. साथीचे घड्याळ पहिल्यांदा दिसते ते तुमच्या-माझ्या दवाखान्यात, आणि आपण ते कोणाला दाखवतो यावर पुढचे अवलंबून असते. सुमारे वीस वर्षांपूर्वीचा माझाच अनुभव सांगतो. जानेवारी महिना होता. सोमवार ते गुरुवार या चार दिवसांत एकाच शाळेच्या दुसरीच्या वर्गातील तीन मुले माझ्याकडे गोवर घेऊन आली. निदानाची शंका नव्हती. एकाच्या गालाच्या आतील कॉप्लिकचे डाग मी स्वतः पाहिले होते. शनिवारी शाळेचे स्नेहसंमेलन होते. मुख्याध्यापिकाबाई ओळखीच्या होत्या, दूरध्वनी टेबलावर होता. मी विचार केला की तीनच तर मुले आहेत, पालकांनी पोशाख शिवून घेतले आहेत, संमेलन रद्द व्हायला लावून आपण बोल का घ्यावा. सोमवारी आणखी कोणी आले तर कळवू. संमेलन बंदिस्त सभागृहात झाले. त्या तिघांतील एक मुलगी, ताप उतरला म्हणून, नाचात उभी होती असे मागाहून समजले. नुसती सर्दी-खोकला असलेली, अंगावर पुरळ न आलेली आणखी किती होती, हे कळण्यास मार्ग नव्हता.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून रुग्ण येऊ लागले. आठवड्याभरात माझ्या एकट्याकडे एकोणीस. बहुतेक मुले सुखरूप बरी झाली. त्यांत आठ महिन्यांचे एक बालक होते, मोठ्या बहिणीचा नाच पाहायला आईच्या मांडीवर बसून आलेले. लसीचे वय व्हायला एक महिना बाकी. त्याला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस ते रुग्णालयात होते, त्यांतील चार दिवस मला रात्रीची झोप नव्हती. ते वाचले. घरी जाताना त्याच्या आईने विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, हे आमच्याकडे आले तरी कुठून?’’ मी म्हणालो, ‘‘सध्या साथ आहे ना.’’

त्यानंतर माझ्या दवाखान्यातील केसपेपरवर मुलाच्या नावाखाली शाळेचे व वर्गाचे नाव लिहिण्याचा एक रकाना छापून घेतला. ताप व पुरळ असलेली, किंवा एकाच प्रकारच्या आजाराची, एका वर्गातील दोन मुले एका आठवड्यात आली की कंपाउंडर तो कागद बाजूला काढून ठेवतो आणि मी त्याच दिवशी शाळेला व जिल्हा आरोग्य कार्यालयाला दूरध्वनी करतो. पहिली काही वर्षे त्या दूरध्वनींनी मी बराच अप्रिय झालो. त्यांतील बरेचसे व्यर्थ ठरले. कांजिण्यांचे दोन रुग्ण दोनच राहिले, घटसर्प म्हणून घाबरलो ते साधे टॉन्सिल निघाले. एका शाळेने तर मला पालकसभेला बोलावणे बंद केले. गेल्या वर्षी त्याच शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांनी स्वतःहून फोन करून विचारले की, पाचवीची सात मुले आज तापाने गैरहजर आहेत, सहल परवा आहे, काय करावे? आम्ही सहल दहा दिवस पुढे ढकलली. ताप कशाचा होता, ते शेवटपर्यंत नीट कळले नाही.